सुट्टी संपल्यावरही थांबलेला माणूस : यानुश कोर्चाक

परीक्षा संपल्या की महाविद्यालयाच्या आवारात सुट्टीतील बेतांची चर्चा सुरू होते. कोणी गावी जातो, कोणी नोकरी शोधतो, तर काहींना सुट्टी समाजाच्या कारणी लावावी असे मनापासून वाटते. १९६९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेमुळे शिबिर ही गोष्ट आपल्याला परकी राहिलेली नाही. आता तर त्याही पुढचे पाऊल पडले आहे. सुट्टीचे काही आठवडे परदेशातील एखाद्या शाळेत किंवा अनाथालयात मुलांबरोबर घालवायचे, त्यांना शिकवायचे, खेळवायचे आणि परत यायचे, अशी सोय करून देणाऱ्या संस्था जगभर निघाल्या आहेत. जाणाऱ्या तरुणांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु एक प्रश्न मात्र उरतोच. सुट्टी संपते, स्वयंसेवक निघून जातो. त्यानंतर त्या मुलाचे काय होते?

हा प्रश्न एका वैद्यकीय विद्यार्थ्याला सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एका उन्हाळ्यात पडला आणि त्याचे उत्तर देण्यात त्याने आपले सारे आयुष्य वेचले. जग त्याला यानुश कोर्चाक या नावाने ओळखते. त्याच्या मृत्यूची कथा पुष्कळांनी ऐकलेली असते. पण मृत्यूच्या तेजाने जीवन झाकोळून जावे, असे काही थोर माणसांच्या बाबतीत घडते. तसे कोर्चाक यांच्याही बाबतीत घडले आहे. म्हणून येथे त्यांच्या जीवनाकडे, आणि विशेषतः त्यांच्या उन्हाळ्यांकडे, पाहावयाचे आहे.

कोर्चाक यांचे खरे नाव हेन्रिक गोल्डश्मिट. त्यांचा जन्म वॉर्सा येथे २२ जुलै रोजी झाला. साल १८७८ की १८७९ हे निश्चित नाही, कारण वडिलांनी जन्माची नोंद वेळेवर केली नव्हती. त्या वेळी पोलंड हा देश नकाशावर नव्हता. वॉर्सा रशियाच्या झारच्या ताब्यात होते. वडील युझेफ हे नामांकित वकील. घराणे ज्यू, परंतु भाषा, पोशाख आणि रीतिरिवाज सर्व पोलिश. आपण इतरांहून वेगळे आहोत हे लहान हेन्रिकला ठाऊकच नव्हते. तो पाच वर्षांचा असताना त्याचा पाळलेला कॅनरी पक्षी मेला. त्याने तो अंगणात पुरला आणि त्यावर लाकडाचा लहानसा क्रूस उभारायचे ठरविले. तेव्हा रखवालदाराच्या मुलाने त्याला अडवले. तो पक्षी ज्यू होता आणि त्याचा मालकही ज्यूच आहे, तेव्हा क्रूस उभारता येणार नाही, असे त्याने बजावले. आपण कोण आहोत हे त्या मुलाला अशा रीतीने कळले. लहान मुलाचे दुःख मोठ्यांना क्षुल्लक वाटते, परंतु मुलाच्या दृष्टीने ते पूर्ण आकाराचे दुःख असते, ही गोष्ट कोर्चाक पुढे जन्मभर सांगत राहिले. तिचे मूळ कदाचित त्या अंगणात असावे.

हेन्रिक शाळेत असतानाच वडिलांना मनोविकाराने ग्रासले. उपचारांत घरातील पैसा गेला, वस्तू विकल्या गेल्या आणि १८९६ साली वडील वारले. सुखवस्तू घरातील हा मुलगा आता आई व बहीण यांच्यासाठी घरोघर शिकवण्या करू लागला. शिकवण्यांनी त्याला दोन गोष्टी दिल्या : घरखर्चाला पैसे आणि मुलांची ओळख. १८९८ साली त्याने वैद्यकीय शिक्षणासाठी विद्यापीठात प्रवेश घेतला. त्याच वर्षी एका नाट्यलेखन स्पर्धेसाठी त्याने क्राशेव्स्की या कादंबरीकाराच्या एका नायकाचे नाव टोपणनाव म्हणून उचलले. तेच नाव पुढे जन्माला चिकटले आणि गोल्डश्मिट मागे पडला.

१८९९ च्या उन्हाळ्यात हा विद्यार्थी प्रथमच परदेशी गेला. त्याने निवडला तो देश स्वित्झर्लंड, आणि त्याला ओढ होती ती पेस्टालोझी या शिक्षणतज्ज्ञाच्या कार्याची. आपल्यापैकी ज्यांनी शिक्षणशास्त्र अभ्यासले आहे त्यांना पेस्टालोझी परिचित आहेत. बरोबर शंभर वर्षांपूर्वी, म्हणजे १७९९ साली, फ्रेंच सैन्याने उद्ध्वस्त केलेल्या श्टान्स या गावी पेस्टालोझींनी सुमारे ऐंशी निराधार मुलांना गोळा केले होते. गाव कॅथॉलिक, पेस्टालोझी प्रॉटेस्टंट. गावकऱ्यांना हा परका मनुष्य नको होता. जेमतेम सहा महिन्यांत लष्कराला इमारत हवी झाली आणि ते घर बंद पडले. एवढ्या अल्प प्रयोगातून पेस्टालोझींनी जगाला नवी शिक्षणदृष्टी दिली, हे खरे. पण त्या ऐंशी मुलांचे छप्पर गेले, हेही तितकेच खरे. हा दुसरा धडा कोर्चाक यांच्या पुढील आयुष्यात सतत जाणवतो.

वॉर्सामध्ये त्या काळी उन्हाळी वसाहती चालविणारी एक संस्था होती. शहरातील तळघरांत आणि कोंदट खोल्यांत वाढणाऱ्या गरीब मुलांना उन्हाळ्यात चार आठवडे खेड्यातील मोकळ्या हवेत न्यायचे, पोटभर खाऊ घालायचे, असे तिचे कार्य. ज्यू मुलांच्या वसाहती निराळ्या आणि ख्रिस्ती मुलांच्या निराळ्या. १९०४ च्या उन्हाळ्यात कोर्चाक मिखाऊव्का येथील ज्यू मुलांच्या वसाहतीत देखरेख करणारे म्हणून गेले. त्यांच्या वाट्याला तीस मुलगे आले. त्यांपैकी कित्येकांनी नदी पाहिली नव्हती, रान पाहिले नव्हते. गाव वॉर्सापासून फार दूर नव्हते. पण पोलिश संस्कारांत वाढलेला हा शिकलेला तरुण आणि तळघरांत यिडिश बोलत वाढलेली ती मुले यांच्यामधील अंतर दोन देशांमधील अंतराहून कमी नव्हते. त्या अर्थाने तोही परदेशच होता.

जाताना त्यांनी मोठी तयारी केली होती. खेळ ठरविले, नावे पाठ केली. आपल्या प्रेमळपणाने मुले जिंकली जातील याविषयी त्यांना शंका नव्हती. प्रत्यक्षात पहिल्या काही दिवसांतच साऱ्या बेतांचा बोजवारा उडाला. मुले जागांवरून भांडत, काठ्या घेऊन मारामारी करीत आणि रात्री शयनगृहात शिट्ट्या व आरोळ्या चालत. एके रात्री या प्रेमळ स्वयंसेवकाचा संयम सुटला. त्याने एका मुलाचा कान पकडला आणि त्याला बाहेर काढण्याची धमकी दिली. ज्यांच्या कल्याणासाठी आपण आलो त्यांनाच आपण धाक दाखविला, हे त्याला लागलीच उमगले. पुढे त्यांनी हा प्रसंग आपल्या ग्रंथात स्वतःला न वाचविता लिहून ठेवला आहे.

दुसऱ्या दिवशी ते मुलांना घेऊन रानात बसले. आजवर ते मुलांना उद्देशून बोलत आले होते; त्या दिवशी ते प्रथमच मुलांशी बोलले. मुलांनी कसे असावे हे आपले मत त्यांनी बाजूला ठेवले आणि मुलांना काय हवे आहे ते विचारले. त्यांच्या शिक्षणविचाराचा उगम या एका बैठकीत आहे. नियम मुलांबरोबर बसून करायचे, तंटा झाला तर निवाडाही मुलांनीच करायचा, ही कल्पना त्या वसाहतीत अंकुरली. १९०७ साली ते पुन्हा मिखाऊव्काला गेले आणि १९०८ साली विल्हेल्मूव्का येथे पोलिश ख्रिस्ती मुलांबरोबर राहिले. या दोन अनुभवांवर त्यांनी मुलांसाठी दोन पुस्तके लिहिली. एकात ज्यू मुलगे आहेत, दुसऱ्यात पोलिश मुलगे. दोन्हीकडील मुले सारखीच खोडकर, सारखीच उदार आणि घरच्या आठवणीने सारखीच रडणारी. ज्या शहरात या मुलांची आयुष्ये जन्मापासून वेगळी काढलेली होती, तेथे ही दोन पुस्तके शेजारी शेजारी ठेवणे हेच एक विधान होते.

पण चौथा आठवडा संपला की गाडी वॉर्साला परत येई. गाल वर आलेली, उन्हाने रापलेली मुले पुन्हा त्याच तळघरांत उतरत. कोर्चाक १९०५ साली डॉक्टर झाले आणि श्लिस्का रस्त्यावरील ज्यू मुलांच्या रुग्णालयात काम करू लागले. तेथेही तेच. मूल बरे करायचे आणि ज्या ओलीने, ज्या उपासमारीने ते आजारी पडले तिच्याच हवाली पुन्हा करायचे. डॉक्टर म्हणून त्यांचे नाव झाले होते. श्रीमंतांकडून भरपूर शुल्क घ्यावे आणि गरिबांना फुकट तपासावे, असा त्यांचा शिरस्ता होता. तरीही उन्हाळ्याने जे साधत नाही ते औषधानेही साधत नाही, ही रुखरुख त्यांना सोडीना.

मधल्या काळात रशिया-जपान युद्धात लष्करी डॉक्टर म्हणून त्यांना मांचुरियापर्यंत जावे लागले. १९०७ ते १९११ या काळात ते अभ्यासासाठी बर्लिन, पॅरिस आणि लंडन येथे राहून आले. बालरुग्णालये, सुधारगृहे, अनाथालये यांची त्यांनी बारकाईने पाहणी केली. लंडनच्या फॉरेस्ट हिल भागातील एका अनाथालयाला भेट दिली, त्या सुमारास त्यांनी आयुष्याचा निर्णय घेतला. आपण स्वतःचा संसार करावयाचा नाही. जगातील मूल हेच आपले मूल मानायचे. परदेश पाहून आलेला तरुण मोठ्या पदाची स्वप्ने घेऊन परततो. हा तरुण एका अनाथालयाची कल्पना घेऊन परतला.

ऑक्टोबर १९१२ मध्ये वॉर्साच्या क्रोख्माल्ना रस्त्यावर ९२ क्रमांकाच्या नव्या इमारतीत ज्यू अनाथ मुलांचे घर सुरू झाले. शंभराच्या वर मुले, नीटनेटके भोजनगृह, स्नानगृहे, वीज. रुग्णालयाची नोकरी सोडून कोर्चाक तेथे संचालक झाले आणि वरच्या माळ्यावरील एका खोलीत राहू लागले. त्यांच्याबरोबर होत्या स्टेफानिया विल्चिन्स्का. बेल्जियममधील लिएज येथे शिकून आलेल्या या बाईंचे नाव कोर्चाक यांच्या नावामागे नेहमी झाकले जाते. घराचा रोजचा गाडा मात्र त्या ओढीत. डॉक्टर प्रवासात, युद्धावर किंवा लेखनात गुंतलेले असत तेव्हाही घर चालले, ते त्यांच्यामुळे. कोणत्याही अनाथ घराला एक कल्पक मनुष्य लागतो तसाच एक रोज पहाटे उठणारा मनुष्यही लागतो. क्रोख्माल्नाच्या घराला दोन्ही लाभले, हे त्या मुलांचे भाग्य.

त्या घराची व्यवस्था आजही अभ्यासण्यासारखी आहे. नव्या आलेल्या मुलाला पहिले तीन महिने एक मोठे मूल पालक म्हणून दिले जाई. केर काढणे, ताटे मांडणे, पुस्तके सांभाळणे ही कामे मुले वाटून घेत आणि कामाला मान असे. भिंतीवर सूचनांचा फलक, पत्रांची पेटी आणि घराचे स्वतःचे वृत्तपत्र होते. आपल्या महाविद्यालयाच्या भित्तिपत्रकाचे हे थोरले भावंडच म्हणायचे. सर्वांत विलक्षण होते ते मुलांचे न्यायालय. कोणीही कोणावरही फिर्याद करावी, न्यायाधीश मुलेच. कायद्याची पहिली ९९ कलमे निरनिराळ्या कारणांनी सोडून देण्याची वा क्षमा करण्याची होती. त्यापुढे शंभर, दोनशे, तीनशे असे आकडे चढत आणि हजारावे कलम घरातून काढून टाकण्याचे. मोठी माणसेही या न्यायालयाच्या कक्षेत होती. एका सहामाहीत कोर्चाक स्वतः पाच वेळा त्याच्यापुढे उभे राहिले : एका मुलाचा कान उपटल्याबद्दल, एका मुलीवर चोरीचा आळ घेतल्याबद्दल, अशा कारणांनी. वसाहतीतील त्या रात्री कान पकडला गेला तेव्हा मुलाला दाद मागायला जागा नव्हती. आता होती.

१९१४ साली पहिले महायुद्ध पेटले आणि कोर्चाक यांना रशियन सैन्यात डॉक्टर म्हणून जावे लागले. तोफांच्या आवाजात, लष्करी दवाखान्यात बसून त्यांनी ‘मुलावर प्रेम कसे करावे’ हा आपला प्रमुख ग्रंथ लिहिला. त्या काळातच रजेचे थोडे दिवस मिळाले असता ते किएव्ह येथील पोलिश मुलग्यांच्या एका वसतिगृहात गेले. ते वसतिगृह मारिया फाल्स्का नावाच्या शिक्षिका चालवीत होत्या. आलेला पाहुणा मुलांना गोष्टी सांगून, खाऊ वाटून निघून जाऊ शकला असता. कोर्चाक यांनी मुलांना वृत्तपत्र काढायला आणि न्यायालय चालवायला शिकविले आणि ते छावणीवर परतले. थोड्या दिवसांसाठी येणाऱ्याने मागे काय ठेवावे याचे हे उत्तम उदाहरण आहे. स्वतःची आठवण मागे ठेवण्यापेक्षा मुलांच्या हातात चालू राहील असे काम ठेवणे त्यांनी पसंत केले. फाल्स्काबाईंनी ते काम पुढे नेले. १९१९ साली प्रुश्कूव्ह येथे पोलिश अनाथ मुलांसाठी ‘आमचे घर’ या नावाची संस्था निघाली, तेव्हा तिच्या प्रमुख त्याच होत्या आणि कोर्चाक त्यांचे सहकारी.

या काळात त्यांना एक मोठा घाव बसला. स्वतंत्र झालेल्या पोलंडच्या सैन्यात सेवा करताना त्यांना प्रलापक सन्निपात ज्वर झाला. त्यांची शुश्रूषा करताना आईला त्याचाच संसर्ग होऊन ती १९२० साली वारली. या दुःखातून सावरून त्यांनी जे लिहिले त्यातील ‘राजा मात्युश पहिला’ ही बालकादंबरी १९२३ च्या सुमारास वाचकांच्या हाती आली. लहान वयात गादीवर बसलेला आणि मुलांची संसद स्थापन करू पाहणारा हा राजा पोलिश मुलांच्या पिढ्यान् पिढ्यांचा सोबती झाला. १९२६ च्या ऑक्टोबरात त्यांनी एका दैनिकाची साप्ताहिक पुरवणी सुरू केली. तिचे बातमीदार आणि लेखक मुलेच होती. १९२९ साली मुलाच्या सन्मानाच्या हक्कावरील त्यांची छोटी पुस्तिका निघाली. मूल हे उद्याचा माणूस म्हणून मोलाचे नाही, ते आजच पूर्ण माणूस आहे, हा तिचा गाभा. १९३४ च्या अखेरीपासून रेडिओवर ‘म्हातारा डॉक्टर’ या नावाने ते बोलू लागले आणि घराघरांतील मुले त्या आवाजाची वाट पाहू लागली.

उन्हाळ्याचाही त्यांना विसर पडला नव्हता. १९२१ साली वॉर्साजवळ गोत्सावेक येथे एक शेत संस्थेला देणगी म्हणून मिळाले. त्याचे नाव रुझिच्का. क्रोख्माल्नाची मुले दर उन्हाळ्यात तेथे जात. पण आता उन्हाळा संपल्यावर तळघरात परतायचे नव्हते. ज्या घरातून निघाली त्याच घरी तीच माणसे त्यांच्याबरोबर परत येत होती. मिखाऊव्काच्या उन्हाळ्यात जे उणे होते ते असे भरून निघाले.

आपल्यासारख्या विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावी अशी त्या घरातील आणखी एक सोय सांगितली पाहिजे. १९२३ पासून अनाथालयाला जोडून तरुणांसाठी एक वसतिगृह चालविले जात असे. शिकणाऱ्या तरुण-तरुणींना तेथे राहण्या-जेवण्याची सोय मिळे आणि त्याच्या बदल्यात रोज काही तास मुलांबरोबर काम करावे लागे. प्रत्येकाने वहीत आपली निरीक्षणे लिहायची. स्टेफानियाबाई त्या वह्या वाचून समासात शेरे देत. मुलांवर नुसती माया करून भागत नाही, त्यांच्याकडे नीट पाहावे लागते, अशी तेथील शिस्त होती. डॉक्टर स्वतः मुलांची वजने आणि उंची नियमाने नोंदवीत. हौसेने आलेल्या तरुणाचा शिक्षक होण्याचा मार्ग या वह्यांतून जात होता.

कोर्चाक यांना देवत्व देण्याची मात्र गरज नाही. त्यांचे घरही अपुरे होते. वयाच्या १४ व्या वर्षी मुलांना ते सोडावे लागे, आणि बाहेरच्या बेकारीच्या, द्वेषाच्या जगात पाऊल टाकताना त्यांतील कित्येकांना उघड्यावर पडल्यासारखे होई. कोर्चाक यांना हे पुरते कळत होते. न्याय आणि आपुलकी शिकविलेले मूल अन्यायी जगात पाठवावे लागते, याची खंत त्यांच्या लेखनात वारंवार येते.

१९३० नंतर पोलंडमध्ये ज्यूद्वेषाला भरती आली. त्यांचे काही विद्यार्थी पॅलेस्टाइनमध्ये जाऊन वसले होते आणि त्यांना आग्रहाने बोलावीत होते. १९३४ च्या उन्हाळ्यात कोर्चाक तेथील ऐन हारोद या सामुदायिक शेतीच्या वसाहतीत जाऊन राहिले. वय पंचावन्नाच्या पुढे, हिब्रू भाषा येत नाही. मान्यवर पाहुणा म्हणून बसून राहणे त्यांना रुचेना. ते स्वयंपाकघरात बटाटे सोलायला बसत, मुलांच्या घरांतून हिंडत, त्यांची झोप, खाणे, भांडणे पाहत. तेथील शिक्षकांनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे देत. १९३६ च्या उन्हाळ्यात ते पुन्हा गेले. परदेशातील मुलांबरोबर घालविलेले हे त्यांचे दोन उन्हाळे. त्यांत त्यांनी उपदेश थोडा केला आणि पाहिले पुष्कळ.

त्याच वर्षी पोलंडमध्ये त्यांचा रेडिओ कार्यक्रम बंद पडला आणि ‘आमचे घर’ या संस्थेशी असलेला संबंधही तुटला. दोन्हींमागे ज्यूद्वेषाची हवा होती. पॅलेस्टाइनला कायमचे जावे, हा विचार त्यांच्या मनात अनेकदा आला. जाणे शक्य होते. तेथे त्यांना घर आणि काम दोन्ही मिळाले असते. पण क्रोख्माल्नाची मुले सोबत नेता येत नव्हती. ते गेले नाहीत. स्टेफानियाबाई तर १९३८ साली ऐन हारोदला जाऊन राहिल्याही होत्या. युद्धाचे ढग जमलेले पाहून १९३९ साली त्या वॉर्साला परतल्या. सुरक्षित देशातून संकटाकडे त्यांनी आपणहून केलेला हा प्रवास कोर्चाक यांच्या कोणत्याही निर्णयाइतकाच मोठा आहे.

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पोलंडवर आक्रमण केले. कोर्चाक यांनी जुना पोलिश लष्करी गणवेश चढविला आणि बॉम्बफेकीत जखमी मुलांना मदत करीत ते शहरभर फिरले. १९४० च्या उन्हाळ्यात, जर्मन अमलाखालीदेखील, त्यांनी मुलांना रुझिच्काला नेले. तो त्या मुलांचा खेड्यातील शेवटचा उन्हाळा. नोव्हेंबरात ज्यूंना भिंतीआड कोंडण्यात आले आणि अनाथालयालाही आपली इमारत सोडून त्या कोंडवाड्यात जावे लागले. जाताना मुलांसाठी घेतलेल्या बटाट्यांची गाडी जर्मनांनी हिसकावली. ती परत मागायला कोर्चाक गेले. दंडावर ज्यूंची सक्तीची पट्टी नव्हती, म्हणून त्यांना तुरुंगात टाकण्यात आले. जुन्या विद्यार्थ्यांनी खटपट करून त्यांना सोडविले.

पुढील दीड-दोन वर्षे म्हणजे रोजची झोळी. पाय सुजलेले, प्रकृती खालावलेली. तरी हा मनुष्य दारोदार हिंडून सुमारे दोनशे मुलांसाठी धान्य, तेल, कोबी मिळवीत असे. आतमध्ये मात्र धडे, गाणी, कामांची वाटणी आणि न्यायालय चालूच होते. भिंतीबाहेरच्या पोलिश मित्रांनी त्यांच्यासाठी खोटी कागदपत्रे आणि लपण्याची जागा यांची तयारी केली होती. त्यांनी नकार दिला.

१८ जुलै १९४२ रोजी त्या उपाशी घरात एक नाटक झाले. आपल्याला अभिमान वाटावा आणि गळाही दाटून यावा अशी ही गोष्ट आहे. ते नाटक होते रवींद्रनाथ ठाकुरांचे ‘डाकघर’. आजारामुळे खोलीत कोंडला गेलेला अमल खिडकीतून जगाशी बोलतो, राजाच्या पत्राची वाट पाहतो आणि शांतपणे झोपी जातो. भिंतीआड कोंडलेल्या मुलांनी ही कथा का करावी, हे वेगळे सांगायला नको. मृत्यूचे भय मुलांच्या मनातून हलके व्हावे, असा डॉक्टरांचा हेतू होता, असे मानले जाते. आपल्या देशातील एका कवीचे शब्द, भाषांतराच्या वाटेने का होईना, त्या मुलांच्या उपयोगी पडले.

चारच दिवसांनी, २२ जुलैला, वॉर्सातील ज्यूंना मृत्युछावण्यांकडे नेण्यास प्रारंभ झाला. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात अनाथालयाची पाळी आली. मुले रांगेने बाहेर पडली. त्यांच्याबरोबर कोर्चाक, स्टेफानिया विल्चिन्स्का आणि इतर शिक्षक-सेवक चालत गेले. गाडी ट्रेब्लिंकाला गेली. तेथून कोणीही परतले नाही. या शेवटच्या चालण्याच्या अनेक दंतकथा झाल्या आहेत, पण त्यांची आवश्यकता नाही. १९१२ साली ज्या घराची जबाबदारी घेतली ते घर १९४२ साली सोडायचे नाही, एवढीच ती गोष्ट. डॉक्टरांनी त्या दिवशी नवा निर्णय घेतलाच नव्हता. तीस वर्षे ते जे रोज करीत आले तेच त्यांनी त्या सकाळी केले.

त्याच १९४२ साली पोलंडची दुसरी काही मुले हिंदुस्थानच्या वाटेवर होती. सोव्हिएत रशियात हद्दपार झालेल्या पोलिश कुटुंबांतील अनाथ व निराधार मुलांना नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी जामनगरजवळ बालाचडी येथे आश्रय दिला. पुढच्या वर्षी आपल्या कोल्हापूरजवळ वळिवडे येथे पोलिश निर्वासितांची मोठी छावणी उभी राहिली. सुमारे पाच हजार माणसे १९४८ पर्यंत पंचगंगेच्या परिसरात राहिली आणि बालाचडीची मुलेही १९४६ साली तेथे आली. कोर्चाक यांच्या मुलांना असे दार उघडे झाले नाही. परंतु परक्या देशातील अनाथ मुलाला नुसती भेट न देता वर्षानुवर्षे आसरा देता येतो, हे आपल्या मातीनेही एकदा पाहिले आहे.

युद्धानंतर जग कोर्चाक यांच्या विचाराकडे हळूहळू वळले. बालहक्कांचा आंतरराष्ट्रीय करार व्हावा असा प्रस्ताव १९७८ साली मांडला तो पोलंडने. २० नोव्हेंबर १९८९ रोजी संयुक्त राष्ट्रांनी तो करार स्वीकारला आणि १९९२ साली भारत त्यात सामील झाला. स्वतःशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा मुलाचा हक्क त्यात मान्य झाला आहे. मिखाऊव्काच्या रानातील त्या बैठकीचे हे जणू दूरचे फळ. २०१९ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने अनाथालयांत जाणाऱ्या स्वयंसेवकांमुळे मुलांची हानी होऊ नये यासाठी पावले उचलण्याचे राष्ट्रांना आवाहन केले. कारण उघड आहे. दर महिन्याला नवा चेहरा येतो, माया लावतो आणि निघून जातो. मूल पुन्हा पुन्हा तुटते. शिवाय अशा पाहुण्यांच्या पैशावर काही ठिकाणी अनाथालयांचा व्यापार चालतो आणि आईवडील असलेली मुलेही अनाथ म्हणून ठेवली जातात.

मग सुट्टीत जाऊच नये काय? कोर्चाक यांचे आयुष्य असे सांगत नाही. १९०४ चा उन्हाळा नसता तर १९१२ चे घर उभे राहिलेच नसते. पण त्या उन्हाळ्यात मुलांना किती मिळाले आणि त्या विद्यार्थ्याला किती मिळाले, याचा हिशेब मांडला तर विद्यार्थ्याच्या पारड्यात अधिक पडते. चार आठवड्यांसाठी जाणारा हा दाता नसतो, तो शिकाऊ उमेदवार असतो. हे ओळखून जावे. मुलांशी बोलावे, त्यांचे ऐकावे, डोळे उघडे ठेवून वहीत लिहावे. जे कायम तेथे राबतात त्यांच्या हाताखाली काम करावे, त्यांच्या डोक्यावर बसू नये. आणि परत आल्यावर आपण ज्या कर्जात आलो आहोत ते कोठे फेडायचे, याचा विचार करावा.

ते फेडण्यासाठी वॉर्साला किंवा ऐन हारोदला जाण्याची गरज नाही. आपल्या गावातही आश्रमशाळा आहेत, बालगृहे आहेत, वीटभट्टीवर आईबापांमागे फिरणारी मुले आहेत. दर रविवारी दोन तास याप्रमाणे तीन वर्षे जाणारा एक विद्यार्थी सात दिवसांचे शिबिर गाजविणाऱ्या पन्नासांपेक्षा त्या मुलांना जवळचा वाटेल. मुलाला पाहुणे पुष्कळ मिळतात. पुढच्या रविवारी येणारा माणूस त्याला हवा असतो.

— तृतीय वर्ष कला